‘मुलांना पट्टी ओळखता आली’ म्हणजे नेमकं काय?

पेट पास झाल्यावर पहिली घाई असते ती संशोधन आराखड्याची. अशा वेळी एखादं उद्दिष्ट साधारण असं लिहिलं जातं : ‘पाच ते सहा वर्षांच्या मुलांना पियानोच्या पट्ट्या ओळखायला शिकवताना रंगीत स्टिकरच्या पद्धतीची परिणामकारकता अभ्यासणे.’ वाचायला छान आहे. दोन गट, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-टेस्ट, सगळं त्यात बसतं. पण यातल्या ‘ओळखणे’ या शब्दापाशी जरा थांबूया. तो मोजायचा कसा हे ठरलं नसेल, तर पुढची सगळी आकडेमोड हवेत राहते.

आधी पियानो समजून घेऊ

पूर्ण आकाराच्या पियानोवर ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. पांढऱ्या पट्ट्या नवख्याला सारख्याच दिसतात. खरी खूण असते काळ्या पट्ट्यांत. त्या दोन, तीन, दोन, तीन अशा गटांत येतात. दोनच्या गटाला लागून डावीकडची पांढरी म्हणजे सी आणि त्या दोन काळ्यांच्या मधली म्हणजे डी. ही रचना दर बारा पट्ट्यांनी परत येते, त्यामुळे पियानोवर सी एकूण आठ ठिकाणी सापडतो. आपले पेटीवाले याच जागेला ‘पांढरी एक’ म्हणतात. नाव बदललं तरी जागा शोधायची खूण तीच.

थोडक्यात, पट्टी ओळखणं म्हणजे शेजारच्या काळ्या पट्ट्यांशी असलेलं तिचं नातं ओळखणं.

एक शब्द, चार कामं

आता ‘ओळखणे’ फोडून बघा.

१. नाव ऐकून पट्टी दाखवणे.
२. पट्टी बघून नाव सांगणे.
३. एका सप्तकात शिकलेली पट्टी दुसऱ्या सप्तकात शोधणे.
४. आठवड्याभराने, कुठलीही मदत नसताना हेच करणे.

एखादं मूल पहिलं काम झटकन करेल आणि तिसऱ्याला अडकेल. मग त्याला येतं म्हणायचं की नाही? उत्तर आपण कोणतं काम मोजायचं ठरवलं त्यावर आहे. यालाच कार्यात्मक व्याख्या म्हणतात, आणि ती माहिती गोळा करण्याआधी लिहायची असते.

स्टिकरची गंमत

सी वर लाल स्टिकर लावला की मूल लगेच बरोबर पट्टी दाबतं. पण ते काय शिकलं? पाव्हलॉव्हच्या प्रयोगांतून पुढे आलेली एक गोष्ट इथे कामाची आहे. दोन खुणा एकत्र आल्या, की ठळक खूण फिक्या खुणेला झाकून टाकू शकते. लाल रंग ठळक, काळ्या पट्ट्यांचा गट त्यामानाने फिका. म्हणजे स्टिकर ठेवूनच उत्तरचाचणी घेतली, तर आपण रंगाची ओळख मोजतोय, पट्टीची नाही. आणि निष्कर्षात मात्र लिहिणार, ‘पद्धत परिणामकारक आहे’!

यावर एक उपाय म्हणजे मदत हळूहळू कमी करणे. हर्बर्ट टेरेस यांनी १९६३ मध्ये कबुतरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. चुकीचा रंग आधी अगदी फिका ठेवून टप्प्याटप्प्याने ठळक करत नेला तर कबुतरं फारच कमी चुका करत लाल-हिरवा भेद शिकतात, असं त्यांत दिसलं. पियानोवर दिशा उलटी ठेवावी लागेल : स्टिकर आधी मोठा, मग लहान, मग फिका, शेवटी काहीच नाही. कबुतरांचं मुलांना जसंच्या तसं लागू होईल असं गृहीत धरू नका, तो तुमचा संशोधन प्रश्न होऊ शकतो. पण शेवटची चाचणी स्टिकरशिवायच हवी.

अंदाजाचा वाटा

समजा दोन पट्ट्या दाखवून विचारलं, ‘यातली सी कोणती?’ असे दहा प्रश्न, आणि सात बरोबर आले की मूल पास. नुसत्या अंदाजाने सात किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १०२४ पैकी १७६, म्हणजे साधारण १७ टक्के. वीस मुलांना काहीही येत नसलं तरी सरासरी तीन-चार मुलं पास होतील. हाच प्रश्न सप्तकातल्या सातही पांढऱ्या पट्ट्यांमधून विचारला, तर तीच शक्यता जेमतेम दहा हजारांत एक इतकी उरते. मुलं तीच, निकष तोच, फक्त पर्याय वाढले.

पाच वर्षांच्या मुलाला कंटाळा येतो, हेही लक्षात घ्या. चाळीस प्रश्न विचारले तर शेवटी तुम्ही त्याचा कंटाळा मोजत असता. म्हणून प्रश्न थोडे, पर्याय जास्त.

आता तुमचा आराखडा काढा

उद्दिष्टातलं क्रियापद अधोरेखित करा : ओळखणे, समजणे, आकलन होणे, जे असेल ते. त्याखाली एक वाक्य पूर्ण करा : ‘मुलाने अमुक परिस्थितीत, अमुक मदतीशिवाय, अमुक केलं तर मी त्याला येतं असं म्हणेन.’ हे वाक्य जमत नसेल तर साधन तयार करायला घेऊ नका. कारण तुमच्या तक्त्यात ज्याच्यापुढे ‘येत नाही’ लिहिलं जाणार आहे, ते मूल फक्त वेगळ्या कामात अडकलेलं असू शकतं. आणि ज्याच्यापुढे ‘येतं’ लिहिलंय, त्याने कदाचित फक्त लाल रंग ओळखलेला असतो.