टूडी इको नॉर्मल, मग पुढची तपासणी कशाला?

“डॉक्टर, परवाच टूडी इको केला, नॉर्मल आला. म्हणजे ब्लॉकेज नाही ना?” हा प्रश्न मला दवाखान्यात वारंवार विचारला जातो.

टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदय किती जोराने रक्त ढकलते, झडपा नीट उघडतात-मिटतात का, हे त्यात कळते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांमधला अडथळा मात्र त्यात थेट दिसत नाही. अटॅक येऊन गेला असेल तर स्नायूचा तो भाग मंद हलताना दिसतो. पण 70 टक्के ब्लॉकेज असूनही विश्रांतीच्या वेळचा इको नॉर्मल येऊ शकतो. धाप लागणे, पायांवर सूज, झडपेची शंका यांसाठी इकोचे पैसे सार्थकी लागतात. जिना चढताना छातीत दाब येत असेल, तर नुसत्या इकोवर समाधान मानू नका.

अशा वेळी स्ट्रेस टेस्ट किंवा सीटी अँजिओग्राफीचा विचार होतो. स्ट्रेस टेस्ट स्वस्त, पण गुडघे दुखणाऱ्याला पट्ट्यावर पळवणार कसे? शिवाय स्त्रियांमध्ये ती कधी कधी उगाच पॉझिटिव्ह येते. सीटी अँजिओग्राफी बरीच महाग. त्यात शिरेतून औषध देतात, म्हणून आधी क्रिएटिनिन पाहावे लागते. थोडे रेडिएशनही असते. तरी योग्य रुग्णात ती उपयोगी पडते. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या 4146 रुग्णांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या तपासण्यांसोबत सीटी केलेल्यांत पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा अटॅकचे प्रमाण 2.3 टक्के होते, न केलेल्यांत 3.9 टक्के. अँजिओप्लास्टी आणि बायपासचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. फरक पडला तो मुख्यतः योग्य गोळ्या वेळेत सुरू झाल्यामुळे, असे मानले जाते. फोटो काढून फाइलमध्ये ठेवला आणि स्टॅटिन घेतलीच नाही, तर पैसे वायाच.

काहीच त्रास नसताना पॅकेजमध्ये “हार्ट स्कॅन” मिळतो म्हणून करू नये, असे माझे मत आहे. स्टॅटिन सुरू करावी की नाही अशी द्विधा असेल, तर कॅल्शियम स्कोअर मदत करतो. मधुमेह आहे, गोळी आधीच चालू आहे, तर तो आकडा कळून फारसे काही बदलत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा: रिपोर्ट असा आला तर काय कराल, आणि तसा आला तर काय?

छातीत अचानक दाब आणि दरदरून घाम आला, तर यातल्या कुठल्याही तपासणीची अपॉइंटमेंट घेत बसू नका. तेव्हा ईसीजीची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठा.