आवाज जातोय का?

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की कुवेतहून माझ्या दिराचा कॉल येतो. फोनच्या पडद्यावर अम्मींना नीट दिसत नाही, म्हणून आम्ही लॅपटॉप लावतो. गेल्या महिन्यात त्याचे बोलणे आम्हाला ऐकू येत होते. आमचा आवाज मात्र तिकडे जात नव्हता. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलल्याचे अम्मींनी तीनदा सांगितले. चौथ्यांदा त्या उठूनच गेल्या. दुकानदार फोनवरच म्हणाला, "माइक बदलावा लागेल."

इतकी घाई करू नका. माइक खरेच बिघडला आहे का, ते आधी घरी पाहता येते. विंडोजमध्ये 'साउंड रेकॉर्डर' असतो. त्यात दोन वाक्ये बोला आणि परत ऐका. आवाज आला, तर माइक ठणठणीत आहे. अडचण कॉलच्या अॅपमध्ये आहे. आम्ही ब्राउझरमध्ये गूगल मीट वापरतो. तिथे पत्त्याच्या पट्टीच्या सुरुवातीच्या चिन्हावर क्लिक करून मायक्रोफोनची परवानगी दिली आहे ना, हे पाहावे.

रेकॉर्डिंगही मुके निघाले, तर विंडोज 11 च्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टम', मग 'साउंड' उघडा. 'इनपुट'खाली योग्य माइक निवडलेला हवा. कधी तिथे वेबकॅमचा किंवा इअरबड्सचा माइक निवडलेला असतो. बोलताना पट्टी हलली पाहिजे. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मधील 'मायक्रोफोन'ची बटणेही सुरू हवीत. डेस्कटॉप अॅप्सचे बटण वेगळे असते, तेच बहुधा नजरेतून सुटते.

जुन्या कॉम्प्युटरला हिरवे आणि गुलाबी अशी दोन भोके असतात. मोबाइलचा इअरफोन हिरव्यात घातला की ऐकू येते, पण बोललेले जात नाही, कारण माइकची जागा गुलाबी. आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटर रूममध्ये हा घोळ नेहमीचाच. दोन पिनांची जोडवायर घेतली की काम भागते. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याजवळच्या बारीक छिद्रात मात्र सुई घालू नका. तिथेच माइक असतो.

आमची पट्टी ढिम्म हलत नव्हती. शेवटी कीबोर्डच्या वरच्या ओळीत एक बारीक नारिंगी दिवा दिसला. ऑनलाइन क्लासमध्ये मिक्सरचा आवाज जाऊ नये म्हणून लेकीने माइक बंद करण्याचे बटण दाबले होते, ते तसेच राहिले होते! सगळ्यात आधी तेच पाहायला हवे होते, पण लक्षात कोणाच्या येते?

पुन्हा कॉल लावला. अम्मींनी गोळीचे पहिल्यापासून सांगितले. दिराने चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरायला लावली आणि विचारले, "आधीची गोळी बंद केली ना?" अम्मी दोन्ही घेत होत्या.