खाण थांबली, आता पाण्याची राखण

गोव्यात डिचोली, सांगे, केपे या तालुक्यांतून लोहखनिजाच्या खाणी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्च महिन्यात उत्खनन थांबले. काही पट्ट्यांचा पुढे लिलाव झाला. पण बंद पडलेल्या खाणीवरही पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो. ते पाणी लाल होऊन शेतात शिरू नये आणि विहिरीही राहाव्यात, यासाठी काय करावे लागते, ते क्रमाने पाहू.

आधी पाण्याची वाट ओळखावी. भर पावसात छत्री घेऊन खाणीभोवती एक फेरी मारा. पाणी कुठून येते, कुठे लाल होते, कोणत्या ओहोळाला मिळते, हे नकाशावर टिपा. उन्हाळ्यात आखलेला नकाशा इथे बहुधा फसतो, कारण पावसाळी झरे तेव्हा दिसतच नाहीत.

मग स्वच्छ आणि गढूळ पाणी वेगळे करावे. वरच्या डोंगरावरून येणारे पाणी स्वच्छ असते. खाणीच्या वरच्या अंगाला चर खणून ते बाहेरच्या बाहेर ओहोळात सोडायचे. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा लाख लिटर पाणी होते. ते लाल मातीत मिसळू दिले, तर पुढे तेवढे सगळे गाळत बसावे लागते.

आता मातीचे ढीग. एक टन खनिज काढताना अडीच ते तीन टन टाकाऊ माती निघते आणि तिचे डोंगर उभे राहतात. त्यांना पायऱ्या पाडायच्या. प्रत्येक पायरीचा उतार किंचित आतल्या बाजूला ठेवायचा आणि तिथले पाणी दगडी पाटाने खाली उतरवायचे. पायथ्याशी जांभ्या दगडाची भिंत लागते. भिंतीला पाणी झिरपायला भोके ठेवायचे विसरले, की पाण्याच्या दाबाने भिंतच ढासळते.

उतार झाकण्यासाठी काथ्याची जाळी अंथरून आधी गवत, मग स्थानिक झाडे लावावीत. वाळ्याची मुळे खोल जाऊन माती धरतात. पूर्वी गोव्यातल्या अनेक ढिगांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया लावला गेला. दुरून डोंगर हिरवा दिसतो, पण झाडाखाली गवत उगवले नसेल तर माती वाहतच राहते. म्हणून पाहणीला गेलात की नजर बुंध्याजवळ जमिनीवर टाका.

तरीही जे गढूळ पाणी निघेल, त्यासाठी गाळतळी, म्हणजे पाणी थोपवून गाळ खाली बसवणारी तळी. बारीक वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला दोन-तीन मिनिटे घेतो. दोन मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढ्या चिकणमातीच्या कणाला त्याच अंतरासाठी सुमारे तीन दिवस लागतात. म्हणून एका लहान तळ्याने भागत नाही, एकाखाली एक अशी तळी लागतात. नेहमीची चूक म्हणजे गेल्या वर्षीचा गाळ तसाच राहतो. भरलेल्या तळ्यात पाणी थांबतच नाही. मे संपण्याआधी गाळ काढावा, आणि तो ओहोळाच्या काठावर टाकू नये.

यानंतर खंदक, म्हणजे खनिज काढून झालेला खोल खड्डा. खनिज भूजल पातळीच्याही खाली असते, त्यामुळे खाण चालू असताना पंपाने सतत पाणी उपसतात आणि आजूबाजूच्या विहिरी खाली जातात. डिचोलीतल्या शिरगावच्या आटलेल्या विहिरींचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. उपसा थांबला की खंदक हळूहळू भरतो. तो काठावरून फुटू नये म्हणून पक्का सांडवा, म्हणजे जादा पाण्याची ठरलेली वाट, आधीच बांधावी. खंदकात कचरा तर कधीच टाकू देऊ नये. त्याचा तळ भूजलाशी जोडलेला असतो, तिथली घाण आपल्या घागरीपर्यंत पोहोचू शकते.

खनिज कोणते, हेही पाहावे. गोव्याच्या लोहखनिजात मुख्य त्रास गाळाचा. कोळशाच्या खाणीत मात्र गंधकयुक्त खनिजाला हवा-पाणी लागून आम्ल तयार होऊ शकते. तिथे पाणी नितळ दिसले तरी ते तपासल्याशिवाय वापरू नये.

शेवटची पायरी नोंदीची, आणि ती गावाच्या हातात आहे. पारदर्शक बाटलीत ओहोळाचे पाणी भरून रात्रभर खिडकीत ठेवा. सकाळीही ते लालसर दिसले, तर वरची तळी पुरी पडत नाहीत असे समजा. विहिरीसाठी मीटरमीटरवर गाठ मारलेली दोरी सोडून महिन्यातून एकदा पातळी मोजा, तारखेसह वहीत लिहा. पिण्याचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या: भारतीय मानकाप्रमाणे सामू, म्हणजे आम्लतेचे माप, ६.५ ते ८.५ असावा.

खाण कायमची बंद करण्याआधी दोन वर्षे अंतिम बंदी आराखडा मंजुरीसाठी सादर करावा, असे खाणींसाठीचे २०१७ चे नियम सांगतात. आराखड्यात चर, तळी आणि सांडवा कुठे दाखवले आहेत, हे ग्रामसभेत विचारा, आणि विचारताना ती वही सोबत न्या. चार पावसाळ्यांच्या नोंदी समोर ठेवल्या, की विहीर कधी आणि किती खाली गेली, यावर वाद घालायला फारशी जागा उरत नाही.