पेठेची इभ्रत

मुंबईतील नाहूरच्या फलाटावरून घाटकोपर गाठून, तेथून मेट्रोने आझादनगरला उतरून अंधेरीच्या क्रीडासंकुलाकडे जाणाऱ्या फुटबॉलप्रेमींस शेजारच्या पुण्याशी एके काळी चालणारी चुरस अपरिचित नाही. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर मुंबई सिटीने पुणे सिटीचा ५-० असा पराभव केला, आणि आंद्रे मोरित्झने इंडियन सुपर लीगमधील पहिली हॅटट्रिक नोंदवली. २०१९ साली पुण्याचा संघ विसर्जित झाला नि ते वैरही दप्तरदाखल झाले.

परंतु ज्या चुरशीस पिढ्यान्‌पिढ्यांचे अधिष्ठान आहे, ती पाहावयाची तर कोल्हापूरच गाठले पाहिजे. मल्लविद्येची उपासना करणाऱ्या तालमींनीच तेथे फुटबॉलला आश्रय दिला. म्हणूनच मंगळवार पेठेतील पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी पेठेतील शिवाजी तरुण मंडळ जेव्हा शाहू स्टेडियमवर समोरासमोर उभे ठाकतात, तेव्हा पणास लागते ती अकरा खेळाडूंची कीर्ती नव्हे, तर अवघ्या पेठेची इभ्रत. आदल्या सायंकाळपासून कट्ट्याकट्ट्यांवर विषय एकच: आघाडीला कोण, गोलरक्षक कोण, आणि नायजेरियाहून आणलेला खेळाडू उद्या उतरणार की नाही. प्रशासनास बंदोबस्त ठेवावा लागतो, इतका हा अभिमान प्रखर आहे. कधी तो मर्यादा सोडतो, हे खेदाने नमूद केलेच पाहिजे.

२०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधवही याच फुटबॉलवेड्या कोल्हापूर जिल्ह्याचा. तेथे जाणे अवघडही नाही: महालक्ष्मी एक्सप्रेस मुंबईहून रात्री सुटते आणि सकाळी कोल्हापुरास पोहोचते. नाहूरकर फुटबॉलप्रेमींनी पाटाकडील आणि शिवाजी यांच्यातील सामना एकदा तरी अवश्य पाहावा.