जुना ट्रॅक्टर ओढत नाही? फोडण्याआधी क्लच असा तपासा

पेरणीच्या तोंडावर गॅरेजमध्ये जुन्या ट्रॅक्टरची रांग लागते. तक्रार बहुतेक एकच, "क्लच प्लेट गेली." पण दरवेळी प्लेटच गेलेली असते असं नाही. ट्रॅक्टर मधून फोडायचा म्हणजे मजुरी, सामान आणि ऐन हंगामातले दिवस, तिन्ही जातात. म्हणून आधी घरीच एवढं बघून घ्या.

पेडलची ढिलाई
पेडल हाताने दाबा. सुरुवातीला ते थोडं मोकळं जायला हवं, बऱ्याच मॉडेलला साधारण पाऊण ते एक इंच. नक्की माप कंपनीच्या पुस्तकात असतं. प्लेट झिजते तशी ही ढिलाई कमी होते. ती संपली की क्लच पूर्ण बसत नाही, घसरतो आणि प्लेट जळते. लॉकनट सैल करून रॉड कमी-जास्त केला की हे काम पान्यावर भागतं.

लक्षणं ओळखा
- इंजिन रेस होतं पण ट्रॅक्टर ओढत नाही, जळका वास येतो : क्लच घसरतोय. ढिलाई बरोबर असेल तर प्लेट झिजली किंवा तिच्यावर ऑइल आलं. क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून ऑइल ठिबकत असेल तर सील गेलं समजा. नुसती प्लेट बदलून उपयोग नाही, नवीही खराब होईल.
- पेडल दाबूनही गिअर करकर करत पडतो : क्लच सुटत नाही. ढिलाई जास्त आहे, प्लेट वाकली आहे किंवा पावसाळाभर उभ्या ट्रॅक्टरची प्लेट गंजून चिकटली आहे.
- पेडल दाबलं की किर्रर्र आवाज, सोडलं की बंद : रिलीज बेअरिंग.

जिवाशी खेळ नको
डबल क्लचच्या ट्रॅक्टरला अर्ध्या पेडलला चाकं थांबतात, पीटीओ फिरतच राहतो. तो पूर्ण पेडलला थांबतो. क्लच नीट सुटत नसेल तर पूर्ण दाबूनही रोटाव्हेटर फिरू शकतो. त्यात अडकलेलं गवत, दोरी काढायची तर आधी इंजिन बंद, मगच खाली उतरा.

फोडावाच लागला तर
पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनेवर हलतो. त्यामुळे फोडण्याआधी दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी मारायच्या, नाहीतर इंजिन एका अंगाला कलंडतं. दोन्ही भागांना भक्कम स्टँड हवेत, नुसत्या जॅकवर भरवसा नको. जुन्या प्लेटच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसाला घातक. हवा मारून धूळ उडवू नका, तोंड बांधून ओल्या फडक्याने पुसा. रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये धुवायचं नाही, आतलं ग्रीस निघून जातं. उघडलंच आहे तर सील आणि बेअरिंग त्याच वेळी बदला. फ्लायव्हीलवर चरे असतील तर लेथवर साफ करून घ्या. या सामानात वाचवलेले पैसे दुसऱ्यांदा फोडण्याच्या मजुरीत जातात.

क्लच टिकवायचा तर
चालवताना पेडलवर पाय ठेवून बसू नका. उसाची भरलेली ट्रॉली चढावर हाफ क्लचवर धरून ठेवू नका, ब्रेक लावा. ओढ लागण्याआधीच खालचा गिअर टाका. आणि महिन्यातून एकदा ढिलाई बघा, पाच मिनिटांचं काम आहे.