आजार जसा आहे तसा सांगावा

विनयपिटकातील महावग्गात तथागतांनी शुश्रूषेस सुलभ अशा रुग्णाची पाच लक्षणे सांगितली आहेत. त्यांतील एक असे की, आपले हित चिंतणाऱ्या शुश्रूषकाला तो आपला आजार जसा असेल तसा सांगतो. लैंगिक आरोग्याच्या बाबतीत मात्र हे लक्षण आजही आपल्यात दुर्मिळच आहे.

ठाणे ते कल्याण लोकलने प्रवास करताना 'गुप्तरोगा'वर हमखास इलाजाच्या जाहिराती नजरेस पडतात. हा व्यापार आपल्या संकोचावर चालतो. वास्तविक पुरुषातील लैंगिक दुर्बलता ही पुष्कळदा मधुमेहाची किंवा हृदयविकाराची पूर्वसूचना असते; रक्तदाबावरील काही औषधांनीही ती उद्भवते. स्त्रीला समागमात होणाऱ्या वेदनांमागे संसर्ग असू शकतो. हे सारे उपचारसाध्य आहे. परंतु न सांगितलेल्या आजारावर वैद्य उपचार कसा करणार?

या मौनाविरुद्ध महाराष्ट्रात र. धों. कर्वे उभे राहिले. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, आणि विकृती असलीच तर ती ज्ञानानेच दूर होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. निकाल विरुद्ध गेला, कर्व्यांना दंड झाला. परंतु प्रश्न विचारणाऱ्याचा हक्क बाबासाहेबांनी न्यायासनासमोर मांडला, हे आपण विसरता कामा नये.

मग प्रत्यक्षात बोलावे कसे? तोंडून शब्द निघत नसेल, तर त्रास कधीपासून आहे, कोणती औषधे चालू आहेत, हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्यावे. 'खाजगी बोलायचे आहे' असे सांगून एकांत मागावा. स्त्रियांनी स्त्री डॉक्टरची किंवा तपासणीच्या वेळी परिचारिकेच्या उपस्थितीची मागणी निःसंकोचपणे करावी. रुग्णाची गोष्ट गुप्त राखणे हा वैद्यकीय नीतीचा नियमच आहे. कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालये सामान्यांच्या आवाक्यात आहेत. किशोरवयीनांसाठीच्या शासकीय समुपदेशन केंद्रांना तर महाराष्ट्रात 'मैत्री' हेच नाव आहे.

निवासी शाळेत मुले आईवडिलांपासून दूर असतात. शरीरातील बदलांविषयी एखाद्याने भीत भीत प्रश्न विचारला, तर आपण हसू नये, रागावू नये. त्याचे पुढचे सारे बोलणे त्या एका क्षणावर अवलंबून असते. त्यातून अत्याचाराची शंका आली, तर मात्र गुप्तता पाळू नये. 2012 च्या कायद्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, आणि 1098 ही बालसाहाय्य दूरध्वनी सेवा मदतीस आहे.

अकुशल कर्म करण्याची लाज असावी, असे धम्म शिकवितो. आजाराची लाज बाळगावी, असे तो कोठेही शिकवीत नाही.