पुराचं पाणी ओसरल्यावर

कृष्णा-पंचगंगेच्या काठचं कुरुंदवाड. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कुरुंदवाडसह शिरोळ तालुका पाण्यात गेला. २०२१ला पुन्हा तेच. अशा अनुभवानंतर काहींना पुढं पावसाचा नुसता आवाज आला, तरी छाती धडधडते, झोप उडते. धोका टळलेला असतो; मेंदूतला भयसूचक भाग, अमिग्डला, मात्र घंटा वाजवतच राहतो.

अशा आघातावर ‘ईएमडीआर’ ही उपचारपद्धती आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो यांनी ती १९८७पासून विकसित केली. रुग्ण ती आठवण मनात धरतो आणि थेरपिस्टच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटांमागं नजर फिरवतो. ऐकायला जादूटोणाच वाटतो! पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३मध्ये आघातोत्तर ताणविकारासाठी तिची शिफारस केली. डोळे फिरवण्याचा त्यात नेमका वाटा किती, यावर तज्ज्ञांचा वाद अजून चालूच आहे.

पीटर लेव्हिन यांची ‘सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग’ ही दुसरी उपचारपद्धती शरीराकडून सुरुवात करते: आवळलेला जबडा, अडकलेला श्वास, थंड पडलेले तळहात. तिच्यामागचा पुरावा तुलनेनं तोकडा आहे.

दोन्हींसाठी प्रशिक्षित थेरपिस्टच हवा. सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते, तेही मोफत.